जुन्या १७ इंची लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताना : माझ्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आज कुठे निवांत बसून लॅपटॉपकडे बघायला वेळ मिळाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एका वीरगळाचं (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं) थ्रीडी मॉडेल लावून झोपले होते, सकाळी बघते तर काम अर्ध्यात थांबलेलं आणि मेशरूम, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर, म्हणतंय की कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं चालवायची सोय) चालणारं कार्डच नाही. स्क्रीन व्यवस्थित, कारण या मशीनमधे स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवर चालते, पण एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर यादीत एनव्हिडियाचं नावच नाही. रीस्टार्ट केलं, पूर्ण बंद करून बॅटरी काढून परत लावली, काही फरक नाही.

मशीनबद्दल लिहून ठेवते म्हणजे पुढच्या नोंदींना संदर्भ राहील. २०१४ चा, १७ इंची, चार किलोच्या आसपास. आय७-४७१०एमक्यू प्रोसेसर सॉकेटमधे, रॅमचे चार स्लॉट आणि त्यात ३२ जीबी, एमएक्सएम ३.० बी प्रकारचं सुटं ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, हा चौथ्या पिढीचा, म्हणून महिनाभर आधीच लिनक्स मिंटवर आणला होता.

सगळे सांगतायत नवीन घे. पण माझं काम असं आहे की गावात जायचं, देवळाच्या आवारातल्या एकेका वीरगळाचे दीडशे-पावणेदोनशे फोटो काढायचे आणि त्याच दिवशी तिथेच कच्चं मॉडेल बनवून बघायचं, म्हणजे कुठली बाजू राहून गेली असेल तर निघायच्या आधी परत काढता येते. गावात रेंज असते-नसते, त्यामुळे फोटो ऑनलाइन चढवून दुसरीकडे प्रोसेस करायचा प्रश्नच नाही. दम असलेलं मशीन सोबतच न्यावं लागतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

उघडला. आधी बॅटरी काढली, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरलं, मग मागचं झाकण. सहा स्क्रू काढले की अख्खं पोट समोर येतं, रॅम, दोन पंखे, प्रोसेसरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) वेगळा, कार्डाचा वेगळा. कार्ड बाहेर काढून खिडकीपाशी भिंगाखाली धरलं आणि पाच मिनिटांत सापडलं. पॉवर देणाऱ्या भागातल्या एका मॉस्फेटच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिपच्या) अंगावर मुगाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग आणि वर बारीकसा फोड, वासही येत होता. त्याच्यावरच्या थर्मल पॅडवर (उष्णता हीटसिंकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्टीवर) दाब पडल्याची खूणच नाही, कोरं करकरीत. म्हणजे पॅड हीटसिंकला टेकतच नव्हतं. २०२० मधे पॅड मीच बदलली होती आणि तिथे जाडी न मोजता हातात होती ती लावली होती. चूक माझी. ती यावेळी होऊ द्यायची नाही.

पण दोष कुठे आहे ते मला घरच्या टेबलावर बसून कळलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्ड काढलं तरी मशीन चालू होतं, म्हणजे बोर्ड ठीक, प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, चार्जरही तेवढ्यापुरता ठीक. एकेक भाग सुटा करून बघता येतो म्हणून संशय एकेकावरून उठत जातो.

हे एमएक्सएम एनव्हिडियाने २००४ मधे काढलं, लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला एक ठरलेलं माप असावं म्हणून. बी प्रकाराचं माप ८२ बाय १०५ मिलिमीटर, साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडं लहान. माप ठरलं पण वरचा हीटसिंक, पंख्याची जागा, कार्डातला व्हीबायॉस (कार्ड सुरू करणारा आतला प्रोग्राम) हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्यात बसेल याची खात्री पहिल्यापासूनच कधी नव्हती. प्रोसेसरचं तर याहून स्पष्ट आहे. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीत नावाच्या शेवटी एमक्यू असेल तर सॉकेटमधला, एचक्यू असेल तर बोर्डाला सोल्डर केलेला, आणि पुढच्या ब्रॉडवेलपासून लॅपटॉपचे सॉकेटवाले प्रोसेसर आलेच नाहीत. माझा त्या शेवटच्या पिढीतला आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. सकाळच्या गाडीने गेले, संध्याकाळी परत. पाच-सहा दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे एकाकडे जुन्या ऑफिसांतून निघालेल्या वर्कस्टेशन लॅपटॉपांचे भाग मिळाले. मालक म्हातारे, त्यांनी कार्ड हातात द्यायच्या आधी विचारलं, "मॅडम, तुमचा हीटसिंक आणलाय का सोबत?" मी आणला होता, तो बघूनच त्यांनी दोन कार्डं बाजूला ठेवली आणि तिसरं दिलं. क्वाड्रो पी३०००, ६ जीबी मेमरी, १२८० कोअर. साडेसात हजार. चालत नसेल तर पंधरा दिवसांत परत, असं बिलावर लिहून घेतलं.

म्हणाले, पूर्वी दिवसाला दोन-तीन गिऱ्हाईकं यायची लॅपटॉपचं कार्ड मागत, आता महिन्यात एखादं. आणि येणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांना सांगावं लागतं की तुमच्या मशीनमधे काढण्यासारखं कार्डच नाहीये. त्यांच्याकडे एका काचेच्या कपाटात सॉकेटवाले प्रोसेसर ओळीने लावलेले होते, मी त्यातला एक आय७-४९१०एमक्यूही उचलला.

परतीच्या गाडीत विचार करत होते की हे नक्की कशाने संपलं. एकच कारण नाही. पातळ मशीनची हौस आहेच, २०१७ मधे एनव्हिडियाने मॅक्स-क्यू (पातळ लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालणाऱ्या ग्राफिक्स चिपची रचना) आणलं तेव्हापासून गेमिंग लॅपटॉपसुद्धा पातळ व्हायला लागले. सॉकेट म्हटलं की दोनतीन मिलिमीटर उंची वाढते, कार्ड सुटं म्हटलं की त्याच्या हीट पाइप वेगळ्या लागतात, आणि सोल्डर केलं की प्रोसेसर आणि जीपीयू (ग्राफिक्सची मुख्य चिप) दोघांवर मिळून पाइपांचा एकच संच टाकता येतो. शिवाय असं मशीन घेणारे मुळात थोडे आणि त्यातले नंतर खरंच कार्ड बदलणारे त्याहून थोडे.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. डेलने २०१९ मधे एलियनवेअर एरिया-५१एम काढला, डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमधे आणि ग्राफिक्स कार्ड सुटं, पण एमएक्सएम नाही, डेलच्या स्वतःच्या मापाचं. पुढची पिढी आली तेव्हा चिपसेट बदलला, आणि पहिलं मॉडेल घेतलेल्यांना नवे प्रोसेसर त्यात टाकता येईनात. २०२१ मधे कॅलिफोर्नियात त्यावरून दावाही लागला. क्लेव्हो या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने एक्स१७० मालिकेत डेस्कटॉप प्रोसेसर आणि सुटं कार्ड अशी जोडी २०२१ पर्यंत नेली, ती मशीनं जाडजूड आणि महाग होती पण निदान उघडत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज नुसतं मोजमाप, पण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते आजच.

कार्ड स्लॉटमधे बसतंय, स्क्रूची भोकं जुळतायत, पण हीटसिंक ठेवला की एका कोपऱ्यात डगमगतो. नव्या कार्डावरची एक कॉइल जुनीपेक्षा उंच आहे आणि ती हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पंखाला लागतेय. तिथे स्केचपेनने खूण केली आणि बारीक कानशीने घासायला बसले. घासताना कार्ड दुसऱ्या खोलीत, डब्यात बंद, कारण अॅल्युमिनियमचा एक कण जरी मेमरीच्या पायांमधे गेला तरी संपलं. तासाभरात सव्वा मिलिमीटर काढलं, मग ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन कोपऱ्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी) लावली.

मग पॅडची जाडी. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथल्या काकांकडे टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेट करायचा फिलर गेज असतो, पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येकावर जाडी कोरलेली. मागायला गेले तर म्हणाले, "ताई, टॅपेट लॅपटॉपला पण असतात का?" समजावून सांगितल्यावर स्वतःच हात पुसून घरी आले आणि दाखवलं की पातं ओढताना नुसतं सैल जाऊन चालत नाही, लोण्यातनं सुरी ओढल्यासारखी किंचित अडखळण लागली पाहिजे. कोरा हीटसिंक जीपीयूवर टेकवून चारही बाजूंनी मोजलं. मेमरीवर ०.४, मॉस्फेटवर ०.८, कॉइलवर जवळजवळ १.३. म्हणजे पॅड अनुक्रमे अर्धा, एक आणि दीड मिलिमीटरची, दाबून बसतील अशी. २०२० मधे मी सरसकट अर्ध्याची लावली होती.

नंतर थर्मल पेस्टचा (चिप आणि हीटसिंकच्या मधे लावतात ती) ठसा घेतला. पेस्ट लावायची, चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, परत उघडून बघायचं. पहिल्यांदा जीपीयूचा डावा काठ कोरा राहिला, त्या बाजूचं पॅड सरकलेलं होतं. दुसऱ्यांदा पूर्ण चौकोन उमटला. सगळी पॅडही आपापल्या चिपचा ठसा घेऊन आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

चालू केलं. काळी स्क्रीन, तीन बीप, बंद. परत केलं, तेच. जेवायचं बाजूला ठेवून बसले.

कार्ड काढलं की चालू होतं, घातलं की नाही. म्हणजे कार्ड तरी गेलेलं किंवा नीट बसलेलं नाही. सोनेरी पट्ट्या भिंगातून बघितल्या तर त्यांच्यावर मळकट थर, किती वर्षं कुणाच्या कपाटात पडून होतं कोण जाणे. पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसल्या, मग आयपीए, मग दहा मिनिटं वाळू दिल्या. बसवताना रॅमसारखं तिरकं धरून आत ढकलायचं, पट्ट्यांची कड बाहेर दिसता कामा नये, आणि मगच खाली दाबायचं. मी कालपासून हीटसिंकच्या नादात ते आधीच खाली दाबत होते.

चालू झालं. यादीत नाव आलं. एनव्हिडियाचा ५८० चा ड्रायव्हर टाकला, पास्कल पिढीसाठी (हे कार्ड त्यातलंच) हीच शेवटची शाखा, त्यामुळे पुढे अपडेट देताना सांभाळून. विंडोजवर असते तर ड्रायव्हरच्या फाइलमधे या लॅपटॉपचा आयडी हाताने लिहून सही तपासणं बंद करावं लागलं असतं, परक्या कार्डाला इन्स्टॉलर ओळखतच नाही. लिनक्सवर ती भानगड नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर छोटी कामं नीट. आज मोठं लावलं, १६२ फोटो, आणि वीसेक मिनिटांत कार्ड गायब. लॉगमधे एक्सआयडी ७९, कार्ड पीसीआय बसवरून नाहीसं झालं असा तो मेसेज. तापमान त्यावेळी ७९ अंश, म्हणजे उष्णता नाही. कार्ड काढून परत बसवलं, परत तेच, पण यावेळी बारा मिनिटांत.

मग चार्जरवर संशय आला. मूळचा गेल्या वर्षी गेला होता तेव्हा एका दुकानातून १८० वॉटचा घेतला होता, त्यावर १९.५ व्होल्ट ९.२३ अँपियर छापलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ४१० ग्रॅम. बंद पडलेला मूळचा अजून माळ्यावर होता, तो ७६५. तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही म्हणून एक पिन आणि एक सॉकेट घेऊन वीतभर जाड वायरचा तुकडा बनवला, मधे सोलून मल्टिमीटरच्या क्लिपा लावल्या आणि लोड टाकला. बसून असताना १९.४. काम सुरू झाल्यावर १८.६, मग १८ च्या खाली, १७.३ ला कार्ड गेलं. तीनदा केलं, तीनदा तसंच.

एका मित्राच्या ऑफिसमधून २३० वॉटचा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच पिनचा, दोन दिवसांसाठी आणला. १९.२ च्या खाली गेला नाही आणि काम पूर्ण झालं. तसाच विकत घेतला. जुनं कार्ड जळण्यात पॅडइतकाच या चार्जरचाही हात असेल असं आता वाटतंय.

३० नोव्हेंबर, रविवार

दीड तासाच्या कामात कार्ड ८९ अंशांपर्यंत जातंय. कार्डाचा पंखा फिरतोय पण हळू, प्रोसेसरचा मात्र जोरात. एफएन आणि १ दाबलं की दोन्ही पंखे फुल होतात, म्हणजे पंखा आणि वायर ठीक. मग त्याला जोरात फिर असं कुणी सांगतच नाहीये. माझा अंदाज असा की बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर, ईसी, कार्डाचं तापमान स्लॉटमधल्या दोन वायरींवरून विचारतो आणि दुसऱ्या कंपनीचं हे कार्ड त्याला हवं तसं उत्तर देत नाही.

ईसीचे २५६ बाइट वाचता येतात. पंखे साधे असताना एकदा उतरवून घेतले, एफएन-१ दाबून परत उतरवले, दोन्ही याद्या शेजारी ठेवून काय बदललं ते बघितलं. असं दहा वेळा. शेवटी दर वेळी बदलणारे तीनच बाइट उरले, त्यातला एक कार्डाच्या पंख्याचा. लिहून बघायची भीती वाटत होती, कारण तोच कंट्रोलर बॅटरी चार्जिंगही सांभाळतो, म्हणून बॅटरी काढून ठेवली आणि मगच लिहिलं. पंखा वाढला. आता दर तीन सेकंदांनी कार्डाचं तापमान वाचून तो बाइट लिहिणारी छोटी स्क्रिप्ट चालते, बंद पडली तर आपोआप परत उठते, आणि ८५ झालं तर मेशरूमचं काम थांबवते. आज दोन तास चालवलं, ७४ वर स्थिर.

७ डिसेंबर, रविवार

आज माझा नाही, मावसभावाचा लॅपटॉप. २०२२ चा, सव्वा किलो, देखणा. पंधरा दिवस निळी स्क्रीन येतेय, दर वेळी एरर वेगळी. सर्व्हिस सेंटरने ४८ हजार सांगितले, अख्खा बोर्ड बदलायचा. मशीनच ७२ हजारांचं. बिचारा म्हणाला, "ताई, तू एकदा बघ ना, परीक्षा आहे महिन्यावर."

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावलं. सकाळी ३७ एरर, सगळ्या एकाच जागेच्या आसपास, ९६०० एमबीच्या पुढे. म्हणजे १६ जीबीमधला एक बारीकसा तुकडा खराब. माझ्या मशीनमधे २०१९ ला हेच झालं होतं, चार पट्ट्या एकेक करून तपासल्या, एक बदलली, वीस मिनिटं. इथे चिप बोर्डाला सोल्डर केलेल्या.

सोल्डर करण्यामागे नुसती कंजुषी आहे असं मी म्हणणार नाही. एलपीडीडीआर प्रकारची (पातळ लॅपटॉपमधली) रॅम कमी वीज खाते, आणि तेवढ्या वेगाला प्रोसेसरपासूनचं अंतर जितकं कमी तितकं बरं, स्लॉटमधून सिग्नल नेला की तो बिघडतो. पण त्यावरही उपाय निघालाय. जेडेक या मेमरीची मापं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मधे कॅम२ हे स्टँडर्ड जाहीर केलं, रॅमची सपाट पट्टी प्रोसेसरशेजारी स्क्रूने दाबून बसते, आणि २०२४ मधे लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मधे ती एलपीडीडीआरसह आलीसुद्धा. म्हणजे पातळ आणि वेगवान हवं तर सोल्डरच, हे आता खरं राहिलेलं नाही.

मावसभावासाठी विंडोजलाच सांगितलं की मेमरीची ही पानं (छोटे ठरावीक तुकडे) वापरू नकोस. तशी सोय आहे, बीसीडीएडिटमधे (विंडोजची सुरू होतानाची सेटिंग बदलणारी कमांड) खराब मेमरीची यादी देता येते, मेमटेस्टच्या हेक्स पत्त्यातले शेवटचे तीन आकडे सोडायचे म्हणजे पान नंबर मिळतो. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. एररच्या दोन्ही बाजूंची थोडी जास्तच पानं बाद केली. चिप अजून बिघडली तर हे पुरणार नाही, तेही त्याला सांगितलं आणि सगळ्या फाइलींचा बॅकअप समोर बसून करून घेतला.

१३ डिसेंबर, शनिवार

प्रोसेसर बदलला. ४७१० च्या जागी ४९१०, दोन्ही ४७ वॉट, वेग २.५ ऐवजी २.९ पासून सुरू, कॅश ६ ऐवजी ८ एमबी. सॉकेटच्या बाजूचा स्क्रू अर्धा फिरवला की प्रोसेसर उचलता येतो. नव्याची कोपऱ्यातली एक पिन वाकलेली होती, शिसं काढलेल्या ०.५ च्या पेन्सिलचं टोक त्यावर बसवून हळूहळू सरळ केली. पहिल्या झटक्यात चालू.

२१ डिसेंबर, रविवार

किकलीला जाऊन आले, वाई तालुक्यातलं, भैरवनाथाच्या देवळाच्या आवारातले वीरगळ. सकाळी तिरप्या उन्हात फोटो काढले, तेव्हाच खालच्या चौकटीतली लढाई आणि वरचं शिवलिंग नीट उठून दिसतं. एकाचे १७४ फोटो. साडेअकराला देवळाच्या ओवरीत लॅपटॉप लावला, पुजारीबुवांनी आतून वायर काढून दिली.

एक तास दहा मिनिटं. कार्ड ७६, चार्जर १९.२. जुन्या ३ जीबीच्या कार्डावर मला फोटो अर्ध्या आकाराचे करून घ्यावे लागायचे, आज पूर्ण आकारात गेले. मॉडेल फिरवून बघितलं तर मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जातात तिथे डाव्या कडेला भोक, दगड भिंतीला टेकलेला असल्यामुळे त्या बाजूचे फोटोच नव्हते. ऊन जायच्या आत आरसा धरून आणखी २६ काढले, परत लावलं, भोक भरलं. चौथ्या अप्सरेचा हात आणि त्यातली चवरी, जागेवर उभं राहूनही मला दिसली नव्हती.

राहिलेलं : बॅटरी जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतेय, सेल बदलायचे. स्क्रिप्टमधे प्रोसेसरचा पंखाही घ्यायचा. काकांचा फिलर गेज परत करायचा, अजून माझ्याकडेच आहे.